घाटात इंजिन रेस होतं पण गाडी ओढत नाही. क्लच घरी दुरुस्त करता येईल का?

तुमची 125 सीसीची गाडी 38,000 किलोमीटर चाललेली आहे. साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटात डबलसीट असलं की इंजिन ओरडतं पण वेग वाढत नाही. मेकॅनिकने पूर्ण क्लच असेंब्ली बदलायला सांगितली आहे. मागच्या महिन्यात कारचं उरलेलं ऑइल थोडं टॉपअप केलं, असंही तुम्ही लिहिलं आहे. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे, तिच्याकडे पुढे येतोच.

हे काम घरी नक्की होतं. पण इंजिनाच्या साइड कव्हरचा पहिला बोल्ट सोडण्याआधी तासभर नुसत्या तपासणीला द्या. अनेकदा दोष कव्हरच्या बाहेरच सापडतो.

आधी क्लचच घसरतोय ना, याची खात्री करा. सपाट मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ताशी 30-35 ला चालत असताना अॅक्सिलरेटर तसाच ठेवून क्लच क्षणभर दाबा आणि सोडा. इंजिनाचा चढलेला आवाज लगेच खाली बसला तर क्लच धरतोय. आवाज वरच रेंगाळून हळूहळू उतरला तर क्लचच्या आतल्या चकत्या, म्हणजे प्लेटा, घसरत आहेत. एअर फिल्टर चोंदला असेल किंवा मागचा ब्रेक चिकटत असेल तरीही गाडी ओढत नाही, पण तेव्हा इंजिन स्वतःच दबलेलं वाटतं, रेस होत नाही. झिजलेल्या स्प्रॉकेटवरून चेन सटकत असेल तर कटकट असा झटका पायाला जाणवतो. आणखी एक खूण किकची: ज्या गाड्यांची किक फक्त न्यूट्रलमध्ये मारता येते, त्यांत किकचा जोर क्लचमधूनच इंजिनापर्यंत जातो. प्लेटा फार झिजल्या की किक मध्येच मोकळी जाते.

आता क्लचचा लिव्हर. त्याच्या टोकाला 10 ते 20 मिलिमीटर मोकळी हालचाल हवी, आणि त्यानंतरच ताण लागायला हवा. स्केल धरून मोजा, अंदाज नको. ही मोकळीक आपोआप कमी होत गेली असेल तर प्लेटा झिजल्या आहेत, कारण प्लेटांचा गठ्ठा पातळ झाला की त्याला दाबून धरणारी प्रेशर प्लेट सरकते आणि क्लच दाबणारा भाग तिला आधीच टेकतो. मोकळीक वाढत गेली असेल तर क्लच वायर ताणली आहे किंवा तिच्या तारा तुटत आहेत. अनेक जण याच्या उलट समजतात. लिव्हर सैल वाटतो म्हणून वायर कसतात, मोकळीक शून्यावर येते, क्लच सतत अर्धवट दाबलेला राहतो आणि चांगल्या प्लेटा महिन्याभरात जळतात.

तेव्हा लिव्हरजवळचा चेकनट सैल करून अॅडजस्टर आत फिरवा, मोकळीक 15 मिलिमीटरच्या आसपास आणा. तिथले आटे पुरले नाहीत तर इंजिनाकडच्या अॅडजस्टरवर करा. मग हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पुन्हा मोजा. एका बाजूला वळवल्यावर मोकळीक संपत असेल तर वायर कुठेतरी अडकते आहे, तिचा मार्ग बदला. लिव्हरमधलं निपल, म्हणजे वायरीच्या टोकाची गोळी, बाहेर काढून बघा. तिथे एक-दोन तारा उसवून ब्रशसारख्या फुलल्या असतील तर वायर बदलायचीच, ती अर्ध्या रस्त्यात तुटते. आतून नायलॉनचं अस्तर असलेल्या वायरीत ग्रीस भरू नका, धूळ धरून ती जड होते.

यानंतर ऑइल. मोटरसायकलचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडून चालतो, कारचा तसा चालत नाही. म्हणून कारच्या अनेक ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं घातलेली असतात. ती इंजिनाला चांगली, पण प्लेटांना घातक. आपल्याला हव्या असलेल्या ऑइलच्या डब्यावर जासो (मोटरसायकल ऑइलचा जपानी दर्जा) एमए किंवा एमए2 लिहिलेलं असतं. एमबी लिहिलेलं ऑइल गिअर नसलेल्या स्कूटरसाठी असतं, ते घेऊ नका. ग्रेड आणि प्रमाण तुमच्या गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच. तुमच्या बाबतीत मी आधी हेच करेन: गरम इंजिनातून सगळं ऑइल काढून टाकायचं, योग्य ऑइल भरायचं, मोकळीक लावायची आणि 200-300 किलोमीटर चालवून पाहायचं. प्लेटांवरचं अस्तर जळलेलं नसेल तर क्लच पुन्हा धरू लागतो.

एवढं करूनही घसरत असेल तर खोला. सामान आधी आणून ठेवा: फ्रिक्शन (अस्तर असलेल्या) प्लेटांचा सेट, स्प्रिंगांचा सेट, साइड कव्हरचं पॅकिंग, ऑइल. हत्यारांत 8, 10, 12 चे टी-पाने, ड्रेन नटाचा पाना, सर्कलिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) काढायची पक्कड, जाडी मोजायचं व्हर्निअर आणि रबरी हातोडी. कव्हरला स्क्रू असतील तर इम्पॅक्ट ड्रायव्हर हवाच, साध्या स्क्रूड्रायव्हरने डोकी खराब होतात.

इंजिन थंड होऊ द्या, ऑइल काढा, किक आणि लागेल तर फुटरेस्ट व ब्रेक पेडल उतरवा. क्लच वायर सोडा. कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. एका पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून, भोकं पाडून, प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड जागी कसला की इंजिनाची कड फुटते. कव्हर चिकटलं तर हातोडीने हलकेच ठोका. फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं की तिथला ओरखडा कायमचा, आणि ऑइलची गळतीही. कव्हर जागेवर बसवणाऱ्या दोन डॉवेल पिना कुठे राहिल्या ते लगेच बघा, त्या पडून हरवतात.

आत स्प्रिंगांचे चार-पाच बोल्ट दिसतील. ते समोरासमोरच्या जोडीने, अर्धा-अर्धा फेरा करत सैल करा. काही गाड्यांत यानंतर प्लेटा सरळ बाहेर येतात. काहींत मध्यभागी सर्कलिप असते, काहींत चार खाचांचा नट. त्या नटाला खास सॉकेट लागतं. छिन्नी-हातोडीने तो फिरवायचा मोह टाळा. सॉकेट मिळत नसेल तर तेवढ्यासाठी मेकॅनिकला बोलवा, यात कमीपणा काही नाही. प्लेटा निघाल्या त्याच क्रमाने कागदावर मांडा आणि फोटो काढा.

फ्रिक्शन प्लेट या वर्गातल्या गाड्यांत नवी असताना साधारण 3 मिलिमीटर जाडीची असते आणि 2.6 च्या आसपास बाद होते. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. व्हर्निअरने प्रत्येक प्लेट तीन जागी मोजा. जाडी चांगली पण पृष्ठभाग काळा, काचेसारखा गुळगुळीत आणि जळका वास, तर तीही बाद. लोखंडी प्लेट खिडकीच्या काचेवर सपाट ठेवून कडेखाली 0.2 मिलिमीटरची फीलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवून बघा. ती आत गेली तर प्लेट वाकली आहे. निळे डाग म्हणजे ती फार तापली आहे, बदला. नुसती गुळगुळीत झाली असेल तर पॉलिश पेपरने गोल गोल घासून चालते.

स्प्रिंगा शेजारी शेजारी उभ्या करा. एखादी जरी बुटकी दिसली तरी सगळा सेट बदला. जुन्या स्प्रिंगांखाली वॉशर घालून ताण वाढवण्याची पद्धत आहे, ती मला अजिबात पटत नाही. लिव्हर दगडासारखा होतो आणि वायर लवकर जाते.

प्लेटा ज्यात बसतात त्या बाहेरच्या हाउसिंगच्या खाचांवर बोट फिरवा. प्लेटांच्या कानांनी तिथे खड्डे पाडलेले असतील तर प्लेटा त्यात अडकतात, मग गाडी झटका देत उठते आणि सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही. अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचा खड्डा बारीक कानशीने सपाट होतो. त्याहून खोल असेल तरच हाउसिंग बदलण्याचा प्रश्न येतो. मेकॅनिकने असेंब्ली सांगितली असेल तर हे खड्डे दाखवायला सांगा.

नव्या फ्रिक्शन प्लेटा रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच फेरीत जळतात. एक फ्रिक्शन, एक लोखंडी, असा क्रम, आणि दोन्ही टोकांना फ्रिक्शन. लोखंडी प्लेटांची धारदार कड सगळ्यांची एकाच बाजूला ठेवा. स्प्रिंगांचे 6 मिलिमीटरचे बोल्ट 10 ते 12 न्यूटन-मीटरपेक्षा जास्त कसू नका, खालचे आटे अॅल्युमिनियमचे असतात आणि चटकन जातात. मधलं बेअरिंग बोटाने फिरवा, खरखरलं तर बदला. ज्या गाडीत त्याच बाजूला क्रँकवर गोल फिरणारा ऑइल फिल्टर असतो, त्यात जळलेल्या अस्तराचा काळा गाळ साठलेला असतो, तोही पेट्रोलने धुऊन घ्या.

जुनं पॅकिंग ब्लेडने पूर्ण खरवडा, तुकडे आत पडू देऊ नका. डॉवेल पिना, नवं पॅकिंग, कव्हर. बोल्ट आडवे-तिरपे थोडे थोडे कसा. वायर जोडा, ऑइल भरा, मोकळीक लावा. मेन स्टँडवर इंजिन चालू करून पहिला गिअर टाका. क्लच दाबलेला असताना मागचं चाक ऑइलच्या चिकटपणामुळे हळू फिरेल, पण हलक्या ब्रेकने थांबायला हवं. थांबत नसेल तर मोकळीक जास्त आहे किंवा एखादी प्लेट खाचेत नीट बसलेली नाही. नव्या प्लेटा बसताना मोकळीक बदलते, म्हणून 200 किलोमीटरनंतर स्केल घेऊन ती पुन्हा एकदा मोजा.