"मॅडम, टेस्ट कोणती लावू?"

संशोधन करणाऱ्यांच्या समुपदेशनात हा प्रश्न मी जितक्या वेळा ऐकला, तितका दुसरा कुठलाच नाही. टेस्ट म्हणजे आकड्यांत दिसणारा फरक खरा की योगायोगाचा, हे तपासायची संख्याशास्त्रातली पद्धत. विचारणाऱ्याचा डेटा गोळा झालेला असतो, प्रबंध जमा करायची तारीख तोंडावर आलेली असते आणि टेस्ट चुकली तर सगळी मेहनत पाण्यात, ही धास्ती असते.

मागे एक संशोधक विद्यार्थिनी आली होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) विषय परीक्षेच्या ताणाचा. 40 विद्यार्थ्यांकडून तिने प्रश्नावली भरून घेतली, सहा आठवडे श्वसनाचा सराव करवून घेतला आणि त्याच मुलांकडून तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेतली. गाईडनी टेस्टचं नाव विचारलं, तेव्हा हिने सॉफ्टवेअरच्या मेनूत दिसतील त्या नऊ टेस्ट एकामागून एक चालवल्या. कुठे पी व्हॅल्यू (खरा परिणाम नसतानाही इतका किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) 0.05 च्या खाली, म्हणजे फरक मान्य, कुठे वर. "मॅडम, झोप उडालीये. माझं गणित शाळेपासूनच कच्चं. मी यात पडायलाच नको होतं."

मी लॅपटॉप मिटवायला सांगितला आणि कोरा कागद पुढे केला. "कोणत्याही पाच मुलांचे आकडे लिहा. आधीचा आणि नंतरचा, शेजारी शेजारी."

तिने लिहिलं. आधी 12, 18, 25, 31, 40. नंतर 10, 15, 23, 28, 37.

"काय दिसतंय?"

"सगळ्यांचा ताण कमी झालाय. दोन-तीन गुणांनी." ती थांबली. "पण मग माझ्या टी-टेस्टमध्ये काहीच का नाही आलं?"

टी-टेस्ट दोन सरासरींतला फरक तपासते. तिने लावली होती ती दोन स्वतंत्र गटांसाठी असलेली टी-टेस्ट. त्या टेस्टला आधीचा 12 आणि नंतरचा 10 हे एकाच मुलाचे आहेत हे ठाऊकच नसतं. तिला दिसतात ते 12 पासून 40 पर्यंत पसरलेले आकडे, आणि त्या पसाऱ्यात दोन-तीन गुणांचा फरक बुडून जातो. आम्ही या पाच जणांवर दोन्ही गणितं हातानेच केली. स्वतंत्र गट धरले तर टी, म्हणजे आकड्यांच्या चढउताराच्या मानाने फरक किती मोठा ते सांगणारा आकडा, येतो 0.38. पेअर्ड टी-टेस्टमध्ये, म्हणजे प्रत्येकाचा स्वतःशी फरक धरला तर, 10.6. आकडे तेच. कोण कोणाचा जोडीदार, एवढंच बदललं. ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली.

हे मी प्रत्येकाला सांगते. टेस्ट मेनूत शोधायची नसते. डेटा कसा घ्यायचा हे ठरलं त्या दिवशीच ती जवळपास ठरलेली असते. तीच माणसं दोनदा मोजली की वेगवेगळी? मोजमाप गुणांत आहे, क्रमात आहे, की नुसतं 'हो-नाही'? गट दोन की जास्त? वेगवेगळ्या माणसांचे तीन गट असतील तर त्यांच्या सरासरी ताडणारी एनोवा. 'हो-नाही'ची मोजणी वेगवेगळ्या गटांत ताडायची असेल तर काय-स्क्वेअर, पण तक्त्याच्या एखाद्या चौकटीतली अपेक्षित संख्या (गटांत फरक नसता तर तिथे आली असती ती) 5 पेक्षा कमी असेल तर सांभाळून.

तिची आणखी एक गफलत होती, आणि ती फार जणांची होते. आधीचे गुण नॉर्मल आहेत का (म्हणजे बहुतेक सरासरीजवळ आणि दोन्ही बाजूंना सारखे पसरलेले), नंतरचे आहेत का, हे तिने वेगवेगळं तपासलं होतं. पेअर्ड टी-टेस्टमध्ये बघायचं असतं ते फरकांचं वितरण. तेच फार वेडंवाकडं असेल तर फरकांच्या लहान-मोठ्या क्रमावर चालणारी विल्कॉक्सनची साइन्ड-रँक टेस्ट आहे.

मग अवघड बोलणं आलं. नऊ टेस्टमधली सोयीची तेवढी दाखवायची आणि बाकीच्या लपवायच्या, हा मोह तिला झाला होता आणि तिने तो कबूल केला. मला त्या कबुलीचं फार अप्रूप वाटलं. मी हिशोब मांडला: खरा परिणाम शून्य असताना 0.05 ची मर्यादा धरून एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 टेस्ट केल्या, तर निदान एकीत खोटा होकार मिळण्याची शक्यता 64 टक्के. म्हणून पेअर्ड टेस्ट घ्यायची ती तिची पी व्हॅल्यू चांगली आली म्हणून नव्हे, तीच मुलं दोनदा मोजली म्हणून. प्रबंधातही हेच कारण लिहायचं आणि बाकीच्या टेस्ट करून पाहिल्या होत्या हेही लिहायचं. शिवाय सराव न केलेला गट नव्हता. त्यामुळे ताण सरावानेच कमी झाला असं म्हणता येणार नाही, हे कोणतीही टेस्ट भरून काढू शकत नाही.

तिचा चेहरा पडला, पण तिने ते लिहून घेतलं.

निघताना दारात थांबून म्हणाली, "गाईडना मुलं आणि मुली यांच्यातला फरकही हवाय."

मी काहीच बोलले नाही.

"तिथे माणसं वेगळी आहेत," ती स्वतःशीच म्हणाली. "म्हणजे आधी प्रत्येकाचा किती कमी झाला ते काढायचं. मग मुलांचे फरक एकीकडे, मुलींचे एकीकडे. आणि तिथे ती स्वतंत्र गटांची टी-टेस्ट. बरोबर ना, मॅडम?"

"बरोबर," मी म्हटलं.