दात, वजन आणि बोली: जनावरांच्या बाजाराबद्दल वाचकांचे प्रश्न

पुणे जिल्ह्यातल्या बाजारांत मेंढरं, बोकड, गाई आणि बैल घेताना किंवा विकताना पडलेले प्रश्न वाचकांनी पाठवले आहेत. बहुतेकांनी ‘सध्या काय भाव चालू आहे?’ असं विचारलं आहे. या प्रश्नाचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही. भाव समोर उभ्या असलेल्या जनावराचा असतो आणि तो कसा ताडायचा, हेच इथे सांगितलं आहे.

चाकणच्या शनिवारच्या बाजारात दोन मेंढे शेजारी उभे होते. दिसायला सारखेच, पण एकाचे बारा हजार सांगत होते आणि दुसऱ्याचे साडेपंधरा हजार. एवढा फरक कशाचा? — एक वाचक, ता. शिरूर

आधी मेंढा कोणत्या गिऱ्हाइकासाठी उभा केला आहे ते ओळखा. खाटीक मांस मोजतो, पैदाशीसाठी घेणारा अंगलट आणि वय पाहतो, तर हौशी माणूस रूप पाहतो. माडग्याळ जातीच्या उंच, बाकदार नाकाच्या नराला हौसेचा भाव मिळतो, आणि त्याचा किलोशी फारसा संबंध नसतो. तुम्हाला मांसाच्या भावात घ्यायचा असेल तर त्या फंदात पडू नका.

मांसाच्या भावासाठी वजन लागतं. काटा जवळ नसेल तर शिंप्याची टेप खिशात ठेवा. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्या. खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्या. दोन्ही मापं इंचात हवीत. घेराला घेराने गुणा, मग लांबीने गुणा आणि ६६० ने भागा. उत्तर किलोत येतं. घेर ३० आणि लांबी २६ असेल तर २३,४०० भागिले ६६०, म्हणजे साधारण साडेपस्तीस किलो. जनावर चारही पायांवर सरळ उभं हवं. मान खाली असेल तर माप चुकतं.

मेंढराच्या बाबतीत लोकर फसवते. न कातरलेल्या दख्खनी मेंढ्याच्या लोकरीवरून टेप सैल धरली आणि घेर ३० ऐवजी साडेएकतीस भरला, तर त्याच मेंढ्याचं वजन ३९ किलो निघतं. दीड इंचाला साडेतीन किलो! म्हणून टेप लोकरीत दाबून कातडीला टेकवायची.

दुसरी फसगत पोटाची. बाजाराच्या पहाटे मिठाचा चारा घालून मेंढरांना भरपूर पाणी पाजतात. दोन-तीन किलो वजन तिथेच वाढतं आणि गाडीतून घरी नेईपर्यंत उतरतं. डाव्या कुशीला मूठ लावून पाहा. कूस टरटरून फुगलेली आणि पाठ मात्र हाडकी असेल, तर तुम्ही पाण्याचे पैसे देताय. शेवटच्या बरगडीमागे मणक्यावर चार बोटं ठेवा. मणक्याची टोकं बोटाला टोचली तर अंगावर मांस नाही. ती गोलसर लागली आणि दाबल्यावरच हाताला आली तर माल चांगला.

रिकाम्या पोटाच्या बऱ्या मेंढ्याचं मांस जिवंत वजनाच्या ४५ ते ५० टक्के पडतं, पोट भरलेलं असेल तर त्याहून कमी. पस्तीस किलोच्या मेंढ्यात सुमारे सोळा-सतरा किलो धरा. मुंडी, पाय, वजडी आणि कातडं वेगळं. तुमच्या भागातला मटणाचा दर घेऊन उलटा हिशेब केला की बारा हजार आणि साडेपंधरा हजार यांतला कोणता भाव खरा ते कळतं.

आणि डोळ्याची खालची पापणी उलटून पाहिल्याशिवाय सौदा करू नका. लालसर गुलाबी हवी. पांढरी फटक असेल, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबत असेल, तर पोटात जंत किंवा यकृतात चपटे कृमी आहेत. असा मेंढा स्वस्त मिळतो, पण तो पोसायला घेण्याचा मेंढा नव्हे.

दात पाहतात ते नेमकं कसं? — एक वाचक, ता. मावळ

खालच्या जबड्यातले पुढचे आठ दात पाहायचे. वरच्या बाजूला पुढचे दात नसतातच. नवख्याला तो दोष वाटतो. दुधाचे दात बारीक असतात, कायमचे रुंद फावड्यासारखे. एकही कायमचा दात नसेल तर आदत, दोन आले तर दुसा, चार आले तर चौसा, मग सहादाती, आणि आठही आले की जुळलेला.

गाई-बैलांत पहिली जोडी दोन ते अडीच वर्षांत येते, दुसरी तिसऱ्या वर्षाच्या आसपास, आणि साडेचार वर्षांपर्यंत जनावर जुळतं. शेळ्या-मेंढ्यांत पहिली जोडी साधारण वर्ष-सव्वा वर्षाला, चौथी जोडी साडेतीन-चार वर्षांपर्यंत. जुळल्यानंतर वय झिजेवरून ताडावं लागतं आणि तिथे अंदाज दोन वर्षांनी सहज चुकतो. दातांमध्ये फटी पडलेली, दात हललेली मेंढी कितीही गुबगुबीत दिसली तरी पैदाशीसाठी घेऊ नका. पुढच्या उन्हाळ्यात तिला चरता येणार नाही.

बकरी ईदसाठी सहा बोकड तयार केले आहेत. कधी विकावेत? — एक वाचक, ता. दौंड

ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. २०२४ साली ती १७ जूनला होती, २०२५ साली ७ जूनला. त्यामुळे करडं कधी घ्यायची याचा हिशेबही दरवर्षी तेवढाच अलीकडे न्यावा लागतो. गेल्या वर्षीच्या तारखेवर बसून राहिलेल्यांचे बोकड ऐनवेळी दाताला कमी पडतात.

कुर्बानीसाठी बोकड वर्षाचा पूर्ण झालेला लागतो आणि त्याची खात्री दातावरून केली जाते. दोन दात आलेल्या बोकडाला गिऱ्हाईक लगेच हात घालतं. आदत बोकडाच्या वयाबद्दल तुम्हाला पटवत बसावं लागतं. लंगडा, आंधळा, मुळातून शिंग मोडलेला किंवा कान तुटलेला चालत नाही. म्हणून शेवटचे दोन महिने त्यांना टकरा घेऊ देऊ नका. पंधरा हजारांचा बोकड एका मोडलेल्या शिंगाने खाटकाच्या भावात जातो.

सहाही एकाच दिवशी नेऊ नका. दोन-तीन मोठे बोकड ईदच्या १२ ते १५ दिवस आधी काढा, कारण शहरातलं निवडून घेणारं गिऱ्हाईक तेव्हा फिरत असतं. बाकीचे आठवडाभर आधी. शेवटच्या दोन दिवसांवर सगळा माल ठेवणं हा जुगार आहे. आवक कमी झाली तर भाव चढतो हे खरं, पण बाहेरच्या गाड्या उतरल्या किंवा पाऊस लागला तर तोच बोकड परत घरी आणावा लागतो, आणि ईद झाल्यावर त्याला मांसाचाच भाव.

मांसाचा भावही सणवार पाहून हलतो. चैत्रातल्या जत्रांना आणि आखाडात मागणी असते. दिव्याची अवस झाली की श्रावणात ती एकदम बसते. ज्यांना फक्त मांसासाठी विकायचं आहे त्यांनी आखाड चुकवू नये.

वीस लिटरची म्हणून संकरित गाय घेतली. घरी तेराच्या वर जात नाही. व्यापाऱ्याने फसवलं का? — एक वाचक, ता. जुन्नर

फसवलं असेल, किंवा गाय प्रवासाने आणि चारा बदलल्याने दबली असेल. आठ-दहा दिवस तिच्या आधीच्या गोठ्यातल्यासारखाच चारा आणि पेंड देऊन पाहा. तीन-चार लिटर तेवढ्याने परत येऊ शकतं. सात लिटरची तूट मात्र नुसत्या प्रवासाने पडत नाही.

बहुतेक वेळा चूक धार पाहण्यात होते. बाजाराच्या आदल्या दिवशी संध्याकाळी गाय पिळतच नाहीत. सकाळी कास तटलेली, सडांतून दूध गळतंय आणि तुमच्यासमोर बादली भरते. ते बारा तासांचं दूध नसतं, वीस-बावीस तासांचं असतं. खरी परीक्षा अशी: तुमच्यासमोर गाय पूर्ण पिळून कास रिकामी करायला लावा. ते दूध मोजू नका. बारा तासांनी काढलेलं पहिलं आणि त्यानंतर बारा तासांनी काढलेलं दुसरं, या दोन धारांची बेरीज म्हणजे दिवसाचं दूध. यासाठी गोठ्यावर मुक्काम पडतो, आणि तो करावा. फेसासकट मापू नका, वजन करा. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं.

बाजारात दुभत्या गाईचा भाव लिटरमागे बोलतात. समजा, लिटरला पाच हजार धरले. वीस लिटरची गाय लाखाची होते आणि तेराची पासष्ट हजारांची. एक मुक्काम वाचवण्याची किंमत पस्तीस हजार रुपये.

नुकत्याच व्यायलेल्या गाईची मोठी कास पाहून भुलू नका. कासेवर अंगठा दाबा. खड्डा पडून तसाच राहिला तर ती सूज आहे, दूध नव्हे. चारही सडांच्या पहिल्या धारा काळ्या कापडावर काढा. गाठी किंवा चुरा दिसला तर कासदाह आहे. प्रत्येक सड स्वतः पिळा. तीन सडी गाय चौथ्या सडासकट दाखवण्यात काही विक्रेते पटाईत असतात. कासेत हात घालून आत दगडासारखा भाग लागतो का पाहा. लागला तर त्या बाजूचं दूध कायमचं गेलेलं असू शकतं.

गाभण म्हणून विकत असतील तर तपासणी पशुवैद्यकाकडूनच. गाईचा गर्भकाळ सुमारे २८० दिवसांचा असतो, म्हशीचा ३१० च्या आसपास. ‘सात महिन्यांची’ म्हणून घेतलेली गाय चार महिन्यांची निघाली तर तीन महिन्यांचा भाकड चारा तुमच्या माथी. सांसर्गिक गर्भपाताची रक्ततपासणीही त्याच वेळी करून घ्या. तो रोग माणसालाही होतो.

आणि बोली लावा. ‘दुधाची बोली’, ‘गाभणीची बोली’, बैलाला ‘औताची बोली’, म्हणजे ठरलेल्या दिवसांत सांगितल्याप्रमाणे निघालं नाही तर जनावर परत. ही बोली दोन साक्षीदारांसमोर पावतीवर लिहून घ्यायची. बिनबोलीचं जनावर घेतलंत तर नंतर भांडायला जागा नाही.

खिल्लार खोंडांचे भाव एवढे का चढले? आणि भोवऱ्यामुळे किंमत कमी होते ते बरोबर आहे का? — एक वाचक, ता. खेड

बैलगाडा शर्यतींमुळे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या शर्यतींना अटींसह परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. त्यानंतर चपळ आदत आणि दुशा खोंडांची मागणी पुन्हा उभी राहिली. शेतीच्या बैलाचा भाव मात्र वेगळ्या वाटेने चालतो. पेरणीआधी चढतो, चारा टंचाईत पडतो. २०१५ पासून राज्यात गाईबरोबरच बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे म्हाताऱ्या बैलाला मागणी जवळजवळ उरलेली नाही. म्हशीचं तसं नाही. हा फरक धरूनच वासरू वाढवण्याचा हिशेब मांडा. शर्यतीच्या भावाने खोंड घेऊन ते पळालं नाही, तर ते औताच्या भावात विकावं लागतं आणि मधली रक्कम बुडते.

भोवऱ्याचा कामाशी काडीचा संबंध नाही. तो केसांचा वळसा आहे. पण बाजारात खोडीचा भोवरा म्हणून किंमत पडते, हेही खरं. तुम्हाला बैल घरी राबवायचा असेल तर असा बैल जरूर घ्या, स्वस्तात चांगला मिळतो. वर्षभरात विकायचा असेल तर तीच घट तुम्हालाही सोसावी लागेल. भोवऱ्यापेक्षा खांदा पाहा. जुवाखाली सूज, गाठ किंवा कडक झालेली कातडी असेल तर ऐन नांगरणीत बैल बसेल. औताला जुंपून, डावीकडे आणि उजवीकडे दोन्हीकडे चालवून घ्या.

रुमालाखाली बोटं धरून सौदा करतात. आम्हाला त्यातलं काहीच कळत नाही. — एक वाचक, ता. आंबेगाव

बोटांची संख्या म्हणजे आकडा. एक बोट म्हणजे शंभर, हजार की दहा हजार, हे जनावर पाहून समजून घ्यायचं असतं. खुणा बाजारागणिक थोड्या बदलतात. त्या शिकण्यापेक्षा नाकारणं बरं. बाजार समितीच्या आवारात भाव उघड ठरावा असा नियम आहे, आणि तुमच्या मालाचा आकडा दलालाच्या मुठीत राहिला की मधला फरक कुणी खाल्ला ते तुम्हाला कधीच कळत नाही. ‘तोंडाने बोला’ एवढं म्हणायचं. बाजार फी खरेदीदाराने भरायची असते. विकणाऱ्याच्या रकमेतून ती कापू देऊ नका.

बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारातून जनावर आणताना काय काय कागद लागतात? — एक वाचक, ता. पारनेर

कानातला बारा अंकी बिल्ला आधी पाहा. जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्रीला मनाई आहे. पावतीवर तोच क्रमांक, रंग, शिंगांची ठेवण, दात, किंमत आणि दोघांची नावं हवीत. ती हातात आल्यावर पैसे द्या, इसार देतानाही पावतीवर लिहून घ्या. ‘भारत पशुधन’ या सरकारी संगणक प्रणालीत मालकीची नोंद तुमच्या नावावर करायला जवळच्या दवाखान्यात सांगा, नाहीतर पुढे विमा आणि नुकसानभरपाईला अडतं. वाहतुकीला पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला लागतो. मालवाहू गाडीत सहापेक्षा जास्त गाई-बैल भरायचे नाहीत.

घरी आणल्यावर २१ दिवस वेगळं बांधा. वेगळी दावण, वेगळी बादली, आणि घरच्या जनावरांचं आवरून झाल्यावरच त्याच्याकडे जायचं. २०२२ च्या लम्पी त्वचारोगाच्या साथीत बाजार बंद करावे लागले होते, ते जनावरांच्या अशाच ये-जा करण्यामुळे. मेंढरं किंवा शेळ्या आणल्या असतील तर पहिल्या दिवशी धान्य किंवा पेंड मुळीच घालू नका. प्रवासाने उपाशी जनावराने एकदम मका खाल्ला की आंत्रविषार होऊन रात्रीत मरतं. आधी पाणी, मग कोरडा चारा. खुराक चौथ्या-पाचव्या दिवसापासून शंभर ग्रॅमने सुरू करा आणि आठवड्याने वाढवा.