ताका मागावरून उतरव

गेम बनवून कमवायचं कसं, हे विचारणारा तुझा मेल रात्री पावणेबाराला आला आणि मी तो तेव्हाच वाचला, ही माझी चूक. झोप गेली. एकूण सतरा प्रश्न आहेत, मोजले मी. गेम बनवायचं इंजिन युनिटी की अनरील की गोडो, लॅपटॉप कुठला, कोर्स कुठला, पब्लिशर कसा गाठायचा, 'साधारण महिन्याला किती सुटतात'. सतरांत एकही प्रश्न खेळणाऱ्याबद्दल नाही. तुझा गेम कोण खेळणार, कुठे बसून, किती रुपये देऊन, याबद्दल एक ओळ नाही.

तुझ्या गेमचा व्हिडिओ मात्र दोनदा पाहिला. पंचगंगेचा घाट, पाण्यावरचं ऊन, ती मुलगी पायऱ्या उतरते तेव्हा परकराचा काठ हलतो. एकोणिसाव्या वर्षी मला यातलं काही येत नव्हतं. पण आठ महिने झाले, ती मुलगी अजून पायऱ्याच उतरते आहे. खाली पोचल्यावर काय करते? तू लिहितेस की अजून चाळीस गावं, ऋतू, लग्नसराई आणि महापूर करायचा आहे. महापूर!

बाबांचे सोळा माग आहेत म्हणालीस, खर्चीवर, म्हणजे दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने चालणारे. इचलकरंजीच्या पोरीला मग हे मी काय सांगावं? कापड कितीही देखणं विणलेलं असो, मागावर आहे तोवर त्याचा पैसा होत नाही. कापडाचा ताका कापून खाली येतो, व्यापारी तो उलगडतो, खोट काढतो, भाव पाडतो, कुरकुरत पैसे देतो. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. ताका उतरव. पुढचं वाचलं नाहीस तरी चालेल.

वाचशील हे माहीत आहे, म्हणून लिहितो.

इंजिनचा प्रश्न आधी निकालात काढू. व्हिडिओ युनिटीतला दिसतो, तर युनिटीच ठेव. २०२३ च्या सप्टेंबरात त्यांनी दर इन्स्टॉलमागे फी लावायचं जाहीर केलं, जगभर आरडाओरडा झाला, वर्षभराने ती फी मागे घेतली. त्या काळात बरेच जण गोडोकडे गेले. ते फुकट आहे, खुलं आहे, उद्या कोणी नियम बदलेल अशी टांगती तलवार नाही. अनरील दहा लाख डॉलरच्या वरच्या कमाईवर पाच टक्के मागतं, म्हणजे ती काळजी तू आणि मी सध्या बाजूला ठेवू शकतो. या प्रश्नावर तू तीन महिने यूट्यूब बघितलंस. तीन महिन्यांत एक छोटा गेम पुरा होतो.

आता माझी गोष्ट, कारण त्याशिवाय मी इतका का चिडतो ते कळणार नाही.

२००५ ते २०१० मी पुण्यात पोर्टिंग करायचो, म्हणजे तयार गेम वेगवेगळ्या फोनवर बसवायचो. जावा फोनचे गेम. एकच गेम, पण १२८ बाय १२८ चा पडदा वेगळा, १७६ बाय २०८ चा वेगळा, २४० बाय ३२० चा वेगळा. नोकियाच्या जुन्या सिरीज ४० हँडसेटवर अख्खा गेम ६४ केबीत बसवायचा. एक आवाज काढून टाक, पार्श्वभूमीचे रंग कमी कर, दोन चित्रं एकात जोड. शुक्रवारी बिल्ड, म्हणजे चालवून बघता येईल असा गेम, गेलाच पाहिजे. मला त्या कामाची भयंकर शरम वाटायची. दुसऱ्याचे गेम, दुसऱ्याचं नाव, आपण नुसते हमाल. आज मागे बघतो तेव्हा दिसतं की आयुष्यात मी जे काही पुरं केलं ते त्या पाच वर्षांत. किंवा त्याच सवयीवर नंतर.

नोकरी सोडली ती 'स्वतःचं' करायला. गडाचा वेढा. मोर्चे, सुरुंग, दाणागोटा, पावसाळा, फितुरी, सगळं. बायकोच्या पगारावर घर चालायचं. स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, तेव्हा ग्रीनलाइट होतं, लोकांनी मतं दिली की गेमला आत घ्यायचे. माझ्या गेमला मतं मिळाली, होकार आला, आम्ही पेढे वाटले. पेढे! न विकलेल्या गेमचे. मग मी तटबंदीचे दगड पुन्हा केले. मग तोफांचा धूर पुन्हा केला. मग ठरवलं की वेढा घालणाऱ्या फौजेतल्या प्रत्येक शिपायाला नाव असलं पाहिजे. २०१७ मध्ये ग्रीनलाइट बंद पडलं, मतांऐवजी फी भरून आत जायचं स्टीम डायरेक्ट आलं, आणि माझा गड अजून बांधूनच होत नव्हता. तो फोल्डर अजून एका डिस्कवर आहे. कधीमधी उघडतो. दगड खरंच चांगले झालेत.

म्हणून तुझा महापूर वाचला आणि माझ्या पोटात कालवलं.

तू लगेच 'राजी'चं नाव घेशील. पुण्यातल्याच नॉडिंग हेड्सचा गेम, ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेंडो स्विचवर आला, आणि २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे गोळा करायची त्यांची मोहीम फसली होती, हेही सांगशील. सगळं खरं. मलाही त्याचा अभिमान आहे. पण ती एकट्या मुलीची गोष्ट नाही, कामात मुरलेल्या माणसांच्या टोळीची आहे, आणि त्यांनी ताका उतरवला. फ्लॅपी बर्डचं उदाहरण तर देऊच नकोस. तो बनवणाऱ्या हनोईच्या डोंग न्गुयेनला जाहिरातींतून दिवसाला पन्नास हजार डॉलर मिळत होते, हे प्रत्येकाला पाठ असतं. तो गेम किती लहान होता, हे कुणी बोलत नाही. अँग्री बर्ड्स हा रोव्हिओ कंपनीचा ५२ वा गेम होता. आधीचे एक्कावन्न आठवतात तुला? मलाही नाही. पण ते बाजारात गेले होते.

पैशाचं बोलू. तुझ्या बाबांच्या भाषेत दोनच प्रकार आहेत: खर्ची आणि स्वतःचं सूत.

खर्ची म्हणजे दुसऱ्याचं काम मजुरीवर करणं. तुला ते कमीपणाचं वाटतं, मेलमध्ये दिसलं. 'क्लाससाठी क्विझ बनवायला शिकले नाही मी', असं लिहिलंयस. अगं, क्विझ बनवच. क्लासवाल्याला धड्यावर प्रश्नांचा खेळ हवा असतो, बिल्डरला प्रदर्शनातल्या स्टॉलवर मुलं गुंतवायला काहीतरी हवं असतं, मंडळाला गणपतीत पडद्यावर लहानसा खेळ हवा असतो. यात कुणी तुझं नाव छापणार नाही, पण आठवड्यात संपणारं काम आठवड्यात संपवायची सवय लागते, आणि पैसे रुपयांत, इथेच मिळतात. फक्त माझ्यासारखी फसू नकोस. एका गिऱ्हाइकाने माझ्याकडून 'थोडासा बदल' म्हणत अकरा वेळा काम करून घेतलं आणि फोन उचलणं बंद केलं. तेव्हापासून निम्मे पैसे आधी घेतो, किती बदल फुकट ते मेलवर लिहून घेतो, आणि शेवटचा हप्ता जमा होईपर्यंत सोर्स, म्हणजे मूळ कोड, देत नाही. समोरचा मामाचा मित्र असला तरी. मामाचा मित्र असला तर जास्तच.

'अनुभव मिळेल, सर्टिफिकेट देऊ' म्हणत सहा महिने फुकट राबवून घेणारी जी इंटर्नशिप तुला आली आहे, तिला नाही म्हण. फुकट विणतो का कोणी?

खर्चीतच एक मधला प्रकार आहे, तुझ्यासाठी कदाचित सगळ्यात चांगला. तू मॉडेल फार छान करतेस. घाटाच्या पायऱ्या, दगडी दिवे, पितळी घागर, वाड्याचा दरवाजा, हे सगळं सुटं करून, नीट नावं देऊन, मापात बसवून असेट म्हणून, म्हणजे दुसऱ्यांना त्यांच्या गेममध्ये वापरायला, विक. युनिटीचं स्टोअर तीस टक्के ठेवून घेतं, अनरीलवाल्या एपिकचं दुकान फॅब बारा. इच डॉट आयओवर तर त्यांचा वाटा किती ते तूच ठरवतेस. व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स माहीत असेल तुला. त्याच्या लुका गलांतेने विकत घेतलेल्या तयार चित्रांवर तो गेम उभा केला. तीन डॉलरचा गेम जगभर गेला. ती चित्रं काढणाराही कुणीतरी होताच ना? मध्ययुगीन युरोपचे किल्ले त्या दुकानांत ढिगाने पडलेत. चौसोपी वाडा शोधून बघ किती सापडतात.

ऑनलाइन रमीच्या कंपन्यांत पगार भारी असतो, हे तुझ्या मित्राने सांगितलं ते शिळं झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदीचा कायदा केला, त्यामुळे 'तिकडे पगार भारी' हा विषय संपला. पण तू मला थेट विचारलंस, म्हणून सांगतो: हो, मी केलं आहे ते काम. २०१९ पासून, चौदा महिने. पत्ते वाटताना जी चकाकी दिसायची, जिंकल्यावर नाणी उसळायची, ती मी उसळवलेली. कर्ज होतं. गलांतेसुद्धा आधी जुगाराच्या धंद्यातच होता, आणि तिथली चकाकी त्याच्या गेममध्ये दिसते, असं लोक कौतुकाने म्हणतात. मी हे का सांगतोय? माझी बाजू मांडायला, दुसरं काय. त्या चौदा महिन्यांत मी दर पंधरवड्याला काम पुरं करून दिलं आणि कर्ज फेडलं. त्या नाण्यांमागे कुणाचा पगार गेला हेही मला माहीत होतं. दोन्ही लिहून ठेवतो. तू तरुण आहेस, तुला यातलं एकच खरं वाटेल.

आता स्वतःचं सूत, म्हणजे आपला गेम आपणच विकणं.

रमी सोडल्यावर मी तीन आठवड्यांत एक मराठी शब्दांचा खेळ केला. तीनच आठवडे, कारण बायकोने कॅलेंडरवर तारखेला गोल केला होता. गुगल प्लेची नोंदणी पंचवीस डॉलर, एकदाच. जाहिरातींचे दहा डॉलर जमले तेव्हा गुगलकडून घरचा पत्ता पडताळायला पिन असलेलं पत्र पोस्टाने आलं. पोस्टमनने विचारलं, काय आहे? मी म्हटलं, पगार. पगार कसला, खात्यात पैसे जमा व्हायला शंभर डॉलर लागतात आणि ते व्हायला मला अकरा महिने लागले. भारतातल्या खेळाडूमागे जाहिरातीचा दर अमेरिकेच्या मानाने फारच कमी, त्यात मराठी खेळ. पण गडावर घालवलेल्या सगळ्या वर्षांपेक्षा त्या शंभर डॉलरने मला जास्त शिकवलं. लोक तिसऱ्या पातळीवर सोडून जातात हे कळलं. 'ळ' ची चौकट अंगठ्याला सापडत नाही हे कळलं. मागावर असताना यातलं काहीच कळत नाही.

तुला आता एक जादा अडचण आहे. नव्या वैयक्तिक खात्याला प्लेवर गेम खुला करण्याआधी बारा जणांकडून सलग चौदा दिवस चाचणी करून घ्यावी लागते. सगळे याला कटकट म्हणतात. मला ही देणगी वाटते. बारा माणसं जमव, आत्या, मैत्रिणी, मागावरचे कामगार. चाळीस गावांचा गेम त्यांच्यापुढे ठेवता येत नाही, हे पहिल्याच दिवशी समजेल.

स्टीम नंतर. तिथे दर गेमला शंभर डॉलर, म्हणजे नऊ हजार रुपयांच्या आसपास, आणि गेमने हजार डॉलर कमावले की ते परत. विक्रीतले तीस टक्के त्यांचे. दोन तासांपेक्षा कमी खेळून चौदा दिवसांच्या आत गिऱ्हाईक पैसे परत मागू शकतं, म्हणून पहिली दहा मिनिटं सगळ्यात आधी आणि सगळ्यात नीट कर. तुझी पहिली दहा मिनिटं पायऱ्या आहेत.

तर घाट बंद कर. टाकू नकोस, माझ्यासारखा डिस्कवर ठेव. त्याऐवजी तुझ्या मेलच्या शेवटी जे सहज लिहून गेलीस ते कर. लहानपणी शाळेतून आल्यावर तू बाबांबरोबर मागांच्या ओळीत उभी राहायचीस आणि नुसत्या आवाजावरून कुठला माग थांबला ते ओळखायचीस. हाच गेम आहे! चार माग, एक कामगार. एकाचा धागा तुटतो, दुसऱ्याची सुताची कांडी संपते, तिसऱ्याचा आडवा धागा नेणारा धोटा अडकतो, मध्येच लाइट जाते. आवाज ऐक, पळ, गाठ मार. पडदा एक, बोटं दोन, डाव तीन मिनिटांचा. चित्रं तुझ्याकडे निम्मी आहेतच. आवाज तर शेडमध्ये जाऊन फोनवर घे, फुकट आहेत.

सहा आठवडे. मॉडेलना रंग नसला तरी चालेल. तिसऱ्या आठवड्यात बाबांच्या हातात फोन दे आणि शेजारी गप्प बस. 'इथे दाबा' म्हणायचं नाही. त्यांची बोटं कुठे जातात ते लिहून ठेव. ते हसले तर का हसले ते विचारू नकोस, कुठे हसले तेवढं टिपून घे. पैशांचं त्यांना काय सांगायचं म्हणून तू घाबरली आहेस. आकडा सांग: पंचवीस डॉलर गुंतवणूक, सहा आठवड्यांची मजुरी, पहिल्या वर्षी कदाचित तेवढेसुद्धा परत येणार नाहीत. सुताचा भाव रोज बघणारा माणूस आहे, त्याला आकडा पचतो. 'पॅशन' पचत नाही.

आणि मला सर म्हणू नकोस, मी कुठे शिकवत नाही.

पहिला बिल्ड कसाही असला तरी पाठव. धोटा अडकल्याचा आवाज मात्र खरा हवा, मी हेडफोन लावून खेळणार आहे.

ता. क. स्टीमवर जाशील तेव्हा कराचा फॉर्म भरताना पॅन नंबर टाक आणि भारत-अमेरिका कराराची खूण कर. अमेरिकेतल्या विक्रीवर तीसऐवजी पंधरा टक्के कापतात. मी कधी तिथवर पोचलो नाही, पण फॉर्म मात्र पूर्ण भरून ठेवला होता.