वाचक विचारतात : शाळेच्या समर फेटला बटाटेवडे ठेवू का?

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही तीन वर्षांपूर्वी पुण्याहून मिल्टन कीन्सला आलो. मुलगी इयर थ्रीमध्ये आहे. शाळेची समर फेट, म्हणजे उन्हाळ्यातली जत्रा, जुलैच्या पहिल्या शनिवारी आहे आणि जमलेले पैसे जवळच्या, गंभीर आजारी मुलांना सांभाळणाऱ्या हॉस्पिसला जाणार आहेत. पीटीएच्या, म्हणजे पालक-शिक्षक संघाच्या, बैठकीत मी हौसेने हात वर केला आणि भारतीय खाण्याचा स्टॉल माझ्याकडे आला. मैदानावरच बटाटेवडे आणि साबुदाणा वडे तळून द्यावेत असं मनात आहे. तीनेकशे माणसं येतात. किती करू? नवऱ्याचं म्हणणं, सामानाचाच खर्च इतका होईल की हॉस्पिसला काही उरणार नाही.

उत्तर : किती करायचे ते नंतर बघू. आधी मोहरीबद्दल सांगते.

माझा थोरला रिसेप्शनमध्ये, म्हणजे इथल्या शाळेच्या पहिल्या वर्गात, होता तेव्हाची गोष्ट. माझी पहिलीच फेट. घरून दीडशे वडे करून नेले होते. एका आईने विचारलं, यात मस्टर्ड आहे का? माझ्या डोळ्यांपुढे बरणीतली ती पिवळी पेस्ट आली आणि मी ठामपणे नाही म्हणाले. मुलाच्या हातात वडा गेलासुद्धा. शेजारी चहा ओतणाऱ्या एक गुजराती बाई धावत आल्या आणि त्यांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला. फोडणीत मोहरी असते हे त्यांच्या लक्षात आलं, माझ्या आलं नव्हतं. त्या मुलाला मोहरीची ॲलर्जी होती, त्याचं इंजेक्शन आईच्या पर्समध्येच होतं. मुलाला काही झालं नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. आजारी मुलांसाठी पैसे जमवायला गेले होते मी, आणि एक मूल माझ्याच हातून आजारी पडलं असतं.

म्हणून हे पाठ करा. ब्रिटनमध्ये १४ ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी आणणारे पदार्थ, ठरलेले आहेत. त्यातले आपल्या स्वयंपाकात येणारे म्हणजे शेंगदाणे, काजू-बदाम, तीळ, मोहरी, दूध आणि गहू. गहू तर न दिसता येतो, कारण डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. बेसनाचा वडा ग्लूटेनविरहित आहे असं सांगून आपण मोकळे होतो आणि हिंग विसरतो. साबुदाणा वडे यादीतून आजच काढा. शेंगदाण्याच्या कुटाशिवाय त्यांना चव नाही, आणि शेंगदाणे आवारात आणायला कित्येक शाळांत मनाई असते. वर्षातून एखाद्या वेळी स्टॉल लावणाऱ्या स्वयंसेवकाला खाद्यव्यवसाय म्हणून कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, नोंदणी करावी लागत नाही, हे खरं. पण समोरचा विचारेल तेव्हा खरं उत्तर देता आलंच पाहिजे. पदार्थाच्या पुढे कार्ड लावा आणि सगळी रिकामी पाकिटं संध्याकाळपर्यंत पिशवीत जपून ठेवा. कुणी विचारलं की पाकीटच हातात द्या. इथल्या पाकिटांवर ॲलर्जन उठून दिसतील असेच छापावे लागतात.

दुसरी अडचण तळणीची. मुलं धावतायत, वारा सुटलाय, गवतावर टेबल आहे आणि त्यावर तेलाची कढई. मी याला कधीच हो म्हणणार नाही, आणि बहुतेक मुख्याध्यापिकाही म्हणणार नाहीत. घरून तळून नेलेत तर वडे ६३ अंश सेल्सिअसच्या वर गरम राहायला हवेत, किंवा बाहेर काढल्यापासून दोन तासांत संपायला हवेत. शिवाय गार वडा कुणाला आवडतो?

भेळ करा. अगदी मनापासून सांगते. गॅस नको, कढई नको, आणि कागदाच्या कोनात दिली की माणूस ती खात खात सगळ्या मैदानावर फिरतो आणि तुमची जाहिरात होते. शंभर कोनांना अडीच ते तीन किलो कुरमुरे पुरतात. शेव साधी घ्या. फरसाण नको, त्यात शेंगदाणे येतातच. शेवेच्याही पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा, तिथेही हिंग असतो. पुरी चुरून वेगळ्या वाटीत ठेवा, म्हणजे गहू न चालणाऱ्याला ती वगळून देता येईल. चिंच-खजुराची चटणी आदल्या दिवशी करा, हिरवी सकाळी, आणि दोन्ही बर्फाच्या डब्यात. बटाटा-कांदाही तिथेच. मिरचीची चटणी मागणाऱ्यालाच द्यायची. आणि कालवून ठेवू नका, प्रत्येकाच्या समोर कालवा. कुरमुरे मऊ पडले की भेळ संपली, आणि तो कालवण्याचा आवाजच तर माणसं थांबवतो.

तीनशे माणसांना १२० कोन पुरे. बार्बेक्यू आणि केकचा स्टॉल असणारच आहे. कोनाला दोन पौंड लावा. नवऱ्याची शंका अगदी रास्त आहे, तिचं उत्तर असं की सामान विकत घेऊच नका, मागा. शाळेत चार-पाच भारतीय घरं असतीलच. एकीला कुरमुरे सांगा, दुसरीला शेव, तिसरीला चिंच. आमच्याकडे एका तमिळ आजोबांनी सलग चार वर्षं कोथिंबिरीच्या जुड्या दिल्या. २४० पौंडांची विक्री झाली तर २४०च्या २४० हॉस्पिसला जातील.

प्रश्न : ताई, मी लेस्टरला असतो. यंदा शाळेच्या पीटीएचा खजिनदार झालो आहे. फेटमध्ये टोंबोला म्हणजे आपली हाउजीच ना? रॅफलला, म्हणजे तिकिटांच्या सोडतीला, परवाना लागतो का? आणि बाऊन्सी कासलशिवाय, म्हणजे मुलांनी उड्या मारायच्या हवा भरलेल्या किल्ल्याशिवाय, फेट नाही असं सगळे म्हणतात, ते भाड्याने घ्यावं का?

उत्तर : नाही, हाउजी नाही. नावाने माझाही असाच घोळ झाला होता. इथल्या टोंबोलात ० किंवा ५ ने संपणारी तिकिटं बक्षिसांवर चिकटवतात. उरलेली तिकिटं आणि बक्षिसांवरच्या तिकिटांच्या जोडीची तिकिटं घडी घालून पिंपात टाकतात. ५० पेन्स द्या, तिकीट काढा, शेवटी ० किंवा ५ आला तर त्या नंबरची वस्तू तुमची. म्हणजे पाचात एक तिकीट लागतं. १०० वस्तू असतील तर ५०० तिकिटं, ५० पेन्सने २५० पौंड. वस्तू गोळा करायला मफ्ती डे ठेवा. त्या दिवशी मुलांनी गणवेशाऐवजी आवडीचे कपडे घालून यायचं आणि बदल्यात एक वस्तू आणायची, शाम्पूपासून सरबताच्या बाटलीपर्यंत काहीही. वाइनच्या बाटल्या आल्या तर त्यांचं टेबल मोठ्यांसाठी वेगळं.

फेटच्याच दिवशी, फेटच्याच जागी तिकिटं विकली तर इंग्लंडमध्ये रॅफलला परवाना लागत नाही. जमलेल्या पैशातून बक्षिसांवर ५०० पौंडांपेक्षा जास्त आणि इतर खर्चावर १०० पौंडांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. दान मिळालेली बक्षिसं यात धरत नाहीत. पण तिकिटं आधीपासून बाहेर विकायची असतील तर कौन्सिलकडे छोट्या लॉटरीची नोंदणी करावी लागते, पहिल्या वर्षी ४० पौंड आणि पुढे दरवर्षी २०. बिअर किंवा पिम्ससारख्या मद्याचा स्टॉल असेल तर २१ पौंडांची तात्पुरत्या कार्यक्रमाची नोटीस किमान १० कामाचे दिवस आधी द्या. नोटिशीचा आणि फेटचा दिवस त्यात मोजत नाहीत.

बाऊन्सी कासलबद्दल माझं मत सगळ्यांपेक्षा वेगळं आहे. पाऊस आला तरी भाडं बहुधा द्यावंच लागतं. वारा ताशी २४ मैलांच्या वर गेला की ते वापरायचं नसतं, आणि जुलैतही असे दिवस येतात. घ्यायचंच असेल तर तपासणीचा टॅग बघा, किमान सहा ठिकाणी जमिनीत खुंट्या ठोकल्यात का ते स्वतः मोजा आणि एक मोठा माणूस पूर्ण वेळ फक्त तिथेच उभा करा. मला विचाराल तर कोकोनट शाय घ्या. काठ्यांवर नारळ ठेवायचे आणि चेंडू मारून पाडायचे. कोकणातली माझी आई एका उन्हाळ्यात इथे आली होती. नारळी पौर्णिमेला नारळ लढवणारी ती बाई सलग तीन नारळ पाडून पदर खोचून उभी राहिली, तेव्हा अख्खं मैदान टाळ्या वाजवत होतं.

तुम्ही विचारलेलं नाही, पण खजिनदार आहात म्हणून सांगते. पैसे कुणाला जाणार हे पोस्टर छापण्याआधी ठरवा आणि तसंच्या तसं छापा. एका वर्षी आमच्या पोस्टरवर फक्त हॉस्पिसचं नाव होतं. फेट छान झाली, अपेक्षेपेक्षा जास्त जमलं, आणि बैठकीत सूचना आली की निम्मे शाळेच्या झोपाळ्यांना ठेवू. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण लोकांनी पैसे हॉस्पिसचं नाव वाचून दिले होते. एका उद्देशासाठी मागितलेला पैसा त्याच उद्देशाला जावा लागतो, हा इथला कायदाही आहे. दोन सह्यांशिवाय चेक निघत नव्हता, आणि दुसरी सही माझी होती. मी केली नाही. दोन महिने दोघी-तिघी माझ्याशी बोलल्या नाहीत. आजही मी तेच करीन. निम्मे-निम्मे करायचे असतील तर तसं आधी पोस्टरवर लिहा, लोक आनंदाने देतात.

आणि पैसे त्याच संध्याकाळी, शाळेतच, दोघांनी मिळून मोजायचे. प्रत्येक स्टॉलचा डबा वेगळा, सुट्ट्यांसाठी सकाळी दिलेली रक्कम वहीत लिहिलेली. बँकेच्या पिशव्या आधीच आणून ठेवा. एक पौंडाची नाणी पिशवीत २०, वीस पेन्सची ५०. दोघांची सही, मग कुलूप.

प्रश्न : आमच्या लंडनच्या शाळेची फेट यंदा साताऱ्याजवळच्या माझ्या गावच्या शाळेसाठी करू, असं मुख्याध्यापिकाच म्हणाल्या. पैसे गावच्या सरांच्या खात्यावर पाठवले तर चालतील ना?

उत्तर : नाही, कृपा करून पाठवू नका, सर अडचणीत येतील. फेटला ब्रिटिश पालकांनी दिलेला पैसा भारताच्या कायद्याने विदेशी अंशदान, म्हणजे परदेशी देणगी, ठरतो. २०१० च्या विदेशी अंशदान नियमन कायद्याखाली (एफसीआरए) तो घ्यायला संस्थेकडे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. नोंदणी असलेल्या एका संस्थेने तो घेऊन दुसरीला द्यायचा, हा मार्गही त्याच दुरुस्तीने बंद केला.

महाराष्ट्रातल्या शाळांसोबत काम करणारी आणि इथे चॅरिटी कमिशनकडे, म्हणजे धर्मादाय संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे, नोंदलेली संस्था शोधा, नोंदणी क्रमांक कमिशनच्या यादीत स्वतः तपासा आणि फेट तिच्या नावाने करा. गावच्या शाळेला तुमच्या स्वतःच्या बचतीतून द्या. पासपोर्ट अजून भारतीय असेल, तर बँकेमार्फत पाठवलेली स्वतःची बचत विदेशी अंशदानात मोडत नाही. आणि पाठवण्याआधी सरांना फोन करून विचारा काय हवंय ते. मी माझ्या माहेरच्या शाळेला पुस्तकं द्यायची ठरवून बसले होते. बाई म्हणाल्या, पुस्तकं आहेत गं, मुलींच्या संडासाला दार नाही.