चौदा ई-मेलनी मुदत वाढत नाही

चिपळूणच्या एका वाचकांचं तीन पानी पत्र आलंय. त्यांनी ५२,९९९ रुपयांचा फोन ऑनलाइन मागवला होता, पाण्याने काही होत नाही अशी जाहिरात बघून. नऊ महिन्यांनी, जुलैच्या पावसात स्कूटरवरून घरी येताना तो रेनकोटच्या आतल्या खिशात भिजला आणि बंद पडला. चार दिवसांनी सर्व्हिस सेंटरने जॉबशीटवर ‘लिक्विड डॅमेज, वॉरंटीत बसत नाही’ असं लिहून ३१,४०० रुपये खर्च सांगितला. तेव्हापासून कंपनीला चौदा ई-मेल गेले. गेल्या ऑगस्टमध्ये ‘आमचा निर्णय अंतिम आहे’ असं उत्तर आलं. आता विचारतात, ‘वकील मॅडम, ग्राहक न्यायालयात जावं का? कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून दोन वर्षं धरली तर घाई नाही, पण सल्ला हवा.’

घाई आहे. बाकी सगळं नंतर बोलू.

तुम्ही पाठवलेला जॉबशीटचा फोटो मी मोठा करून पाहिला. तारीख २३ जुलै, गेल्याच्या गेल्या वर्षाची. फोन बंद पडला १९ जुलैला, हे तुम्हीच पहिल्या ई-मेलमध्ये लिहिलंय. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम ६९ सांगतं की तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल झाली पाहिजे. तुमच्या बाबतीत कारण घडलं ते सर्व्हिस सेंटरने हात वर केले तेव्हा. समोरचा वकील त्याच्याही मागे जाईल आणि म्हणेल, फोन बंद पडला तो दिवस धरा. म्हणून तुम्ही १९ तारीखच धरायची. आज जून सुरू आहे. तुमच्या हातात जेमतेम सहा आठवडे आहेत आणि तुम्ही सव्वा वर्षाच्या हिशोबाने निवांत बसला आहात.

‘पण कंपनीने शेवटचं उत्तर ऑगस्टमध्ये दिलं’ हा युक्तिवाद मला दर महिन्याला कुणीतरी ऐकवतं. मिक्सरवाले ऐकवतात, टीव्हीवाले ऐकवतात, परवा एका बाईंनी इअरफोनसाठी ऐकवला. तो टिकत नाही. एकदा नकार मिळाला की घड्याळ चालू होतं. त्यानंतर तुम्ही पत्रं लिहा, स्मरणपत्रं लिहा, कंपनीच्या मोठ्या साहेबांना टॅग करा, घड्याळ थांबत नाही. वकिलाची नोटीस पाठवल्यानेही थांबत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तुम्ही नोंदवलेली तक्रार ‘क्लोज्ड’ झाली, तिनेही थांबलं नाही. हेल्पलाइन मध्यस्थाचं काम करते, ते ग्राहक आयोगात, म्हणजे तुम्ही ज्याला ग्राहक न्यायालय म्हणता तिथे, दाखल केलेलं प्रकरण नव्हे. कंपनीचा तो गोड बोलणारा मुलगा दर वेळी ‘सर, आम्ही वरच्या टीमकडे पाठवलंय’ म्हणत होता ना, त्यात तुमचे अकरा महिने गेले. त्याचा हेतू तोच होता असं मी म्हणत नाही, पण परिणाम तोच झाला.

आणि समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढलाच नाही तर सुटलो, असंही समजू नका. जुन्या, १९८६ च्या कायद्यात हीच तरतूद कलम २४-अ म्हणून होती. स्टेट बँक ऑफ इंडिया विरुद्ध बी. एस. ॲग्रिकल्चरल इंडस्ट्रीज या २००९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की तक्रार मुदतीत आहे की नाही हे मंचाने, म्हणजे आताच्या आयोगाने, स्वतःहून तपासायचं आहे, कुणी हरकत घेतली नाही तरी. कलम ६९ मध्ये विलंब माफ करण्याची सोय आहे, ‘पुरेसं कारण’ दाखवलं तर. हॉस्पिटलात होतो, घरात मृत्यू झाला, अशी कारणं चालू शकतात. ‘ई-मेल करत होतो’ हे कारण चालेल असं मी तरी धरणार नाही. आज विलंबमाफीचा अर्ज लागत नाहीये, तर उद्या तो लागण्याची वेळ कशाला आणायची?

जूनअखेर दाखल करा, ही माझी तारीख. १९ जुलै नव्हे. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार चढवली की आयोगाचं कार्यालय त्रुटी काढतं. पान वाचता येत नाही, प्रतिज्ञापत्र नोटरी केलेलं नाही, पक्षकाराचा पत्ता अपुरा आहे, अशा. त्या दुरुस्त करायला मोकळे दिवस हातात हवेत.

हे सारं ज्या जॉबशीटवर उभं आहे, ती थर्मल कागदावर छापलेली आहे. तुमच्या फोटोत ‘२३’ मधला ‘३’ मला ओळखू यायला वेळ लागला. तो कागद उन्हात, गरम जागेत किंवा प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवला की पांढरा होत जातो. आजच दोन चांगल्या झेरॉक्स काढा, स्कॅन करा आणि मूळ कागद साध्या कागदी पाकिटात ठेवा. ऑनलाइन बिल पुन्हा उतरवून घ्या. ई-मेलच्या छापील प्रतींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या कायद्याच्या, कलम ६३ चं इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडा. आयोग पुराव्याच्या कायद्याला काटेकोरपणे बांधलेला नाही, पण हरकतीला जागाच ठेवायची नाही.

आता फोनबद्दल. तुम्ही लिहिलंय, ‘फोन कपाटात आहे, महिन्या-दोन महिन्यांनी चार्जिंगला लावून बघतो.’ अहो, ते आधी थांबवा! तो फोन आता तुमचा पुरावा आहे. ओलाव्यात वीज गेली की आतल्या तांब्याच्या पिना गंजतात आणि त्यावर हिरवट थर चढतो. दर वेळी चार्जर लावताना तुम्ही तोच थर वाढवताय, आणि उद्या कंपनी म्हणेल की हा गंज पावसाचा नाही, ग्राहकाच्या उद्योगाचा आहे. शिवाय अशा बॅटरीचा भरवसा नसतो.

भिजल्यावर पहिले दोन दिवस फोन तांदळाच्या डब्यात होता, हेही तुम्ही लिहिलंय. कोकणात घरोघरी हेच करतात, माझ्या आईनेही केलं असतं. उघड्यावर ठेवला असता तर जेवढा सुकला असता, त्याहून डब्यात फारसा वेगळा सुकत नाही. तांदळाची पूड मात्र चार्जिंगच्या भोकात जाते. तुमच्या जॉबशीटवर खाली बारीक अक्षरात ‘पोर्टमध्ये पांढरे कण’ असा शेरा आहे, तो बहुधा तुमच्याच तांदळाचा. आणि डब्यातून काढल्याबरोबर ‘चालू होतो का बघू’ म्हणून चार्जर लावला. ओला फोन बंद करून दोन-तीन दिवस चार्जर न लावता ठेवायचा, एवढं केलं असतं तर कदाचित हे पत्रच आलं नसतं.

मूळ वादात तुमची बाजू कितपत भक्कम आहे? चांगली आहे, पण खात्रीची नाही. सर्व्हिस सेंटरने सिम ट्रेच्या खाचेतला ठिपका लाल झालेला दाखवला. तो पांढरा असतो आणि पाणी लागलं की लाल होतो. पण तो एवढंच सांगतो की पाणी तिथपर्यंत पोहोचलं. किती पाणी, केव्हा, कुणाच्या चुकीने, हे तो सांगत नाही. आणि तुमचा फोन ‘आयपी ६८’ म्हणून विकलेला आहे. या आकड्यातला सहा धुळीसाठी आणि आठ पाण्यात बुडण्यासाठी असतो. किती खोल आणि किती वेळ हे कंपनी जाहीर करते. तुमच्या फोनच्या पेटीवर दीड मीटर, तीस मिनिटं असं छापलंय. ही चाचणी प्रयोगशाळेत, नव्या फोनवर, स्वच्छ गोड्या पाण्यात होते, हे कंपनी सांगेलच. तरीही दीड मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारा फोन नऊ महिन्यांत रेनकोटच्या खिशातल्या ओलाव्याने मरतो, तेव्हा एक तर फोन सदोष आहे, नाही तर जाहिरात फसवी आहे. तक्रारीचा गाभा हाच ठेवा. ऑस्ट्रेलियात सॅमसंगला २०२२ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला, कारण जाहिरातीत फोन पोहण्याच्या तलावात आणि समुद्रात दाखवले होते आणि प्रत्यक्षात ओल्या अवस्थेत चार्ज केले तर त्यांचे पोर्ट गंजू शकत होते. तो निकाल आपल्या आयोगावर बंधनकारक नाही आणि तुमचा फोन दुसऱ्या कंपनीचा आहे, पण युक्तिवादाची दिशा कळते.

दोन गोष्टी मात्र तुम्ही पत्राच्या शेवटच्या ओळींत ढकलल्या आहेत, जणू त्या मला दिसू नयेत. एक, फोनच्या कोपऱ्याला पोचा आहे, ‘आधीपासूनचा’. स्क्रीनच्या कडेने आत चिकटपट्टी असते, तीच पाणी अडवते. फोन आपटला की ती सुटू शकते, आणि कंपनीचा अख्खा बचाव त्या पोच्यावर उभा राहील. तक्रारीत तो लपवू नका. कधी, कसा पडला ते खरं लिहा, त्यानंतर फोन किती महिने नीट चालला तेही लिहा. प्रतिज्ञापत्रावर सही तुमची आहे. दुसरी, जॉबशीटच्या ‘ग्राहकाचं म्हणणं’ या रकान्यात काउंटरवरच्या मुलाने ‘पाण्यात पडला’ लिहिलं आणि तुम्ही न वाचता सही केली. तुम्ही तर म्हणताय की पावसात भिजला. हा फरक तुमच्या पहिल्या ई-मेलमध्ये त्याच आठवड्यात नोंदवलेला आहे, ही सुदैवाची गोष्ट. तो ई-मेल पहिल्या जोडपत्रात लावा.

वॉरंटीच्या कार्डावर ‘द्रवामुळे झालेलं नुकसान वगळून’ हे कलम आहे आणि ते अन्यायकारक करार म्हणून रद्द करून मागावं असं तुमच्या मित्राने सुचवलंय. मित्राला सांगा, अन्यायकारक कराराची तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, ती राज्य आयोगाकडे जाते. त्या वाटेने गेलात तर मुंबईच्या खेपा आणि आणखी वेळ. जिल्हा आयोगात सदोष वस्तू आणि अनुचित व्यापारी प्रथा एवढ्यावर थांबा. काही आयोग वॉरंटीचं कलम जसंच्या तसं वाचतात, काही जाहिरातीला वजन देतात. तुमच्यापुढे कोणतं खंडपीठ येईल ते मी इथून सांगू शकत नाही.

बाकी पटकन. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे रत्नागिरीत. कंपनीचं ऑफिस कुठेही असो. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने फी नाही. पक्षकार म्हणून निर्माती कंपनी, बिलावर नाव असलेला विक्रेता आणि सर्व्हिस सेंटर घ्या. विक्रेत्याचं नाव बिलावर बघा, ॲपवरचं नव्हे. जिथून फोन मागवला त्या वेबसाइटला पक्षकार म्हणून जोडायचं की नाही यावर मतं आहेत, मी जोडते. मागणी फोनच्या किमतीची, माफक नुकसानभरपाईची आणि खर्चाची. ‘मानसिक त्रासाचे दोन लाख’ लिहून आयोगाला हसवू नका. एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही: बिल तुमच्याच नावावर आहे ना? अनेक जण मेहुण्याच्या दुकानाच्या जीएसटी नंबरावर बिल घेतात, थोडी सूट मिळते म्हणून. तसं असेल तर ‘व्यापारी वापर, म्हणून हे ग्राहकच नाहीत’ हा मुद्दा उठेल आणि मला आधी कळलं पाहिजे.

दोष तपासायला फोन प्रयोगशाळेत पाठवण्याचा अर्ज सुनावणीच्या पहिल्याच तारखेला द्या. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे प्रयोगशाळेने ४५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि तपासणीची फी आधी तुम्हालाच भरावी लागते. समोरच्यांना उत्तर द्यायला ३० दिवस आणि फार तर आणखी १५. त्यापुढे उत्तर घेता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी जुन्या कायद्यातल्या अशाच तरतुदीवर सांगितलं आहे. ४६ व्या दिवशी उत्तर आलं तर हरकत घ्या, संकोच करू नका.

निकाल किती दिवसांत? कायद्यात लिहिलंय की तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत, लागत असेल तर पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा. ‘प्रयत्न’ या शब्दावर मी वीस वर्षं तारखा घेतल्या आहेत. कुठे अध्यक्षाचं पद रिकामं, कुठे सदस्य एकच, कुठे ‘आज बोर्ड होणार नाही’, म्हणजे सुनावणी नाही, असा कागद दारावर चिकटवलेला. तुम्ही एक दिवस उशीर केलात तर दार बंद. आयोगाने दोन वर्षं उशीर केला तर पुढची तारीख. याबद्दल चिडायचं असेल तर जरूर चिडा, पण तक्रार दाखल झाल्यावर.

सेटलमेंटचा प्रस्ताव आला तर ऐका. कंपन्या अशा प्रकरणांत नोटीस लागल्यावर कधी कधी बदली फोन किंवा निम्मी रक्कम देऊ करतात. लेखी मागा, आणि आयोगापुढे नोंद झाल्याशिवाय तक्रार मागे घेऊ नका. ‘आधी मागे घ्या, मग चेक पाठवतो’ यावर विश्वास ठेवलेले लोक मला नंतर भेटतात.

वकील लावायलाच हवा असं नाही, तुम्ही स्वतः उभे राहू शकता. मसुदा करून पाठवलात तर मी वाचून देईन, पण २० जूनच्या आत. सोबत जॉबशीटच्या मागच्या बाजूचाही फोटो हवा. तुम्ही फक्त पुढचीच पाठवली आहे, आणि सहीच्या वर ‘अटी मागे पाहा’ असं छापलेलं मला दिसतंय.