स्वस्त इलेक्ट्रिक पिकअप घ्यावी का?

प्रश्न: मी सुतारकाम करतो. स्वस्त इलेक्ट्रिक पिकअप घ्यायचा विचार आहे, पण रेंज कमी वाटते. काय करू?

उत्तर: रेंजआधी हौदा मोजा. आठ फुटी प्लायवूड मागचं फाळकं पाडून तरी नीट बसतं का, हे मी सगळ्यात आधी बघतो. कामाची गाडी साधीच असावी. अमेरिकेत २०२५ मध्ये दाखवलेली ‘स्लेट’ तशी आहे: दोनच सीट, हाताने फिरवायच्या काचा, स्क्रीन नाही, ५२.७ किलोवॅट-तासांची बॅटरी. एका चार्जमध्ये सुमारे २४० किलोमीटर जाते, असा कंपनीचा दावा. रात्री घरी चार्जिंग होत असेल तर तेवढं पुष्कळ झालं. ट्रेलर ओढणार असाल तर मात्र थांबा! जड, उंच ट्रेलर जोडला की रेंज निम्म्यावर येऊ शकते, आणि त्यासाठी मोठी बॅटरी घेतली की गाडी स्वस्त राहत नाही.