जेनेटिक काउन्सेलिंगच्या (आनुवंशिक आजारांबाबत कुटुंबांना सल्ला देण्याच्या) दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात समुदायाच्या सहभागाने संशोधन करून प्रबंध पुरा होतो का?

होतो, पण मार्गदर्शकाची त्या समुदायाशी आधीपासून ओळख आणि भागीदारी असेल तरच. शून्यातून सुरुवात केली तर पहिलं वर्ष विश्वास मिळवण्यातच जातं. नेहमीची चूक क्रमाची. विद्यार्थी आधी नैतिकता समितीची मंजुरी घेतो आणि मग समुदायाला विचारतो. लोक प्रश्नावली बदलायला सांगतात, दुरुस्तीचा अर्ज पुन्हा समितीकडे जातो आणि वेळापत्रक कोलमडतं. म्हणून:

- अर्जाआधीच समुदायातल्या पाच-सहा जणांचा सल्लागार गट बसवा, त्यांचं मानधन अंदाजपत्रकात धरा.
- माहिती आणि नमुने कोणाकडे राहतील, दुसऱ्या कामाला वापरता येतील का, हे लेखी ठरवा. अमेरिकेत हावासुपाई जमातीचे मधुमेहाच्या अभ्यासासाठी दिलेले रक्तनमुने भलत्याच विषयांना वापरले गेले; 2010 मध्ये ॲरिझोनातल्या विद्यापीठ मंडळाला तडजोड करून भरपाई द्यावी लागली, उरलेले नमुने परत करावे लागले.
- प्रश्नावली तीन-चार जणांवर तपासा. ‘वाहक’ म्हणजे जनुकातला दोष असलेली, पण सहसा स्वतः आजारी नसलेली व्यक्ती; लोक मात्र हमखास ‘आजारी’ असा अर्थ घेतात.
- निष्कर्ष प्रबंध सादर करण्याआधी गटाला दाखवा.

छोट्या समुदायात नावं गाळून भागत नाही, वंशावळीच्या आकृतीवरूनही घर ओळखू येतं. मात्र गटाला फक्त सल्ला विचारला आणि निर्णय तुम्हीच घेतले, तर प्रबंधात त्याला समुदायाच्या सहभागाचं संशोधन न म्हणता ‘सल्लामसलत’च म्हणा. ते कामही वाईट नसतं, फक्त नाव वेगळं.